इतर तपशील (ऐच्छिक)

माझं काम फॉर्म बनवण्याचं. कोणी विचारलं तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगते, कारण फॉर्म बनवते म्हटलं की लोकांना वाटतं, मी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देते. ते फार चुकीचंही नाही. फरक इतकाच की माझं टेबल विक्रोळीतल्या एका काचेच्या इमारतीत आहे, तिथल्या एसीमुळे मी मे महिन्यातही शाल पांघरून बसते आणि अर्ज भरणारा माणूस मला कधी दिसत नाही.

मोबाइलवर फॉर्म उघडला आणि एकाखाली एक साठ रकाने दिसले की माणूस घाबरतो, फोन बाजूला ठेवतो आणि मग विसरतो. म्हणून फॉर्मचे भाग पाडायचे. प्रत्येक भागाला एक पट्टी, पट्टीवर त्या भागाचं नाव आणि उजव्या टोकाला छोटा बाण. पट्टीवर बोट टेकवलं की खालचे रकाने उघडतात, पुन्हा टेकवलं की मिटतात. हे दर फॉर्मला नव्याने लिहीत नाहीत. एकदा लिहिलेला तयार तुकडा असतो, तोच सगळीकडे लावायचा. आमच्या ऑफिसातला तो तुकडा मी लिहिलेला आहे. बाकीचे त्याला सेक्शन म्हणतात, मी मनातल्या मनात घडी म्हणते. कुठली घडी आधीपासून उघडी ठेवायची आणि कुठली मिटलेली, हे ठरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. घडी मिटलेली ठेवायची असेल तर तिच्या नावापुढे एक शब्द लिहावा लागतो. एकच.

त्या घडीवर माझा जीव होता, हे सांगायला लाज वाटते, पण होता. लोक मुलांचे फोटो दाखवतात तशी मी नव्याने येणाऱ्यांना ती उघडून मिटून दाखवायचे. बाणाची वळायची गती ठरवण्यात मी दोन दिवस घालवले होते. बॉस म्हणायचा, "अगं, बास कर आता, बाण आहे तो, काय घड्याळाचा काटा आहे काय?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे.

आमच्याकडे माहुलच्या वसाहतीतल्या लोकांच्या अर्जाचं काम आलं तेव्हा मी मागून घेतलं. कारण माझी आत्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबा गेल्यावर त्यांच्या पिढीतली तीच एक उरली. तिची खोली घाटकोपरला पाइपलाइनच्या कडेला होती. ती तोडली आणि बदल्यात तिला माहुलच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर जागा मिळाली. जागा पक्की आहे, नळ आत आहे, संडास आत आहे. पण आजूबाजूला तेलाच्या रिफायनऱ्या, त्यामुळे हवा वाईट. तिथे एक वास असतो, तो पहिले पंधरा दिवस नाकाला कळतो आणि नंतर फक्त घशाला. आत्याच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. तरुणपणी ते गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, म्हणजे छाती आधीच अर्धी वापरून झालेली. माहुलला गेल्यावर दोन वर्षांत त्यांना वाफ घ्यायचं मशीन लागलं. मग जिना बंद झाला. लिफ्ट बरेचदा बंदच, त्यामुळे जिना बंद म्हणजे खाली जाणंच बंद. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, औषध मी देतो, पण यांना इथून हलवा.

आणि आता हलवण्याची सोय निघाली होती. वसाहतीतल्या ज्या घरांत आजारी माणसं आहेत त्यांनी अर्ज करायचा, छाननी होऊन दोन याद्या लागणार. पहिल्या यादीतल्यांना दुसरीकडे घर. दुसऱ्या यादीतल्यांचा विचार पुढे केव्हातरी. काका जगायचे तर पहिल्या यादीत नाव लागायला हवं होतं, यात मला काही शंका नव्हती. मला वाटलं, देवानेच हे काम माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

अर्जाचा कागद घेऊन पालिकेच्या कार्यालयातला एक अधिकारी आला होता. चांगला माणूस होता, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याला खूप शिव्या घातल्या. चार पानं, पाठपोट. तो म्हणाला, "मॅडम, लोक मोबाइलवर भरणार. अर्धवट सोडलेले अर्ज आम्हाला नकोत. छोटं करा." मी म्हटलं, छोटं करता येणार नाही, पण छोटं दिसेल असं करते. आणि घड्या पाडायला बसले. अर्जदार. कुटुंब. पत्ता. आजार. जोडायची कागदपत्रं. तिसऱ्या पानावर 'अर्जदाराचे अन्य घर' नावाचा एक अख्खा भाग होता, सहा प्रश्नांचा. घर कुठे, कोणाच्या नावावर, हिस्सेदार किती, राहण्याजोगं आहे का, नसल्यास का, तिथे शेवटचं कधी राहिलात.

ते सहा प्रश्न वाचून माझं डोकं सणकलं. सातव्या मजल्यावर खोकत बसलेल्या माणसाला तुम्ही विचारताय, तुमचं दुसरं घर कुठे आहे? मी अधिकाऱ्याला म्हटलं, "सर, तिथे कोणाचं असणार दुसरं घर? हे उगाच अपमान केल्यासारखं वाटतं."

"पण नियम आहे ना मॅडम. दुसरं घर असेल तर त्याला मागे ठेवायचं. ते कळणार कसं मग?"

आणि मी, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, म्हटलं, "सोपं आहे. पत्त्याच्या भागात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन आहेतच. दोन्ही वेगळे असतील तर दुसरं घर आहे असं धरायचं. ज्यांना काही खुलासा करायचा असेल त्यांच्यासाठी हे सहा प्रश्न खाली मिटवून ठेवते."

त्याने मान डोलावली. बॉसनेही डोलावली. 'इतर तपशील (ऐच्छिक)' असं नाव देऊन मी ते सहा प्रश्न पत्त्याच्या खाली एका घडीत घातले आणि तिच्यापुढे तो एक शब्द लिहिला. फॉर्म झकास दिसायला लागला. मग मी चाचणी घेतली. दोन पत्ते वेगळे घातले की 'अन्य घर: आहे', सारखे घातले की 'नाही'. दोन्ही वेळा बरोबर आलं. मी चहाला गेले.

फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी मी माहुलला गेले. आत्याने कोळंबीचं सार केलं होतं. काका दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, खिडकीपासून लांब. पॅसेजमधली हवा त्यातल्या त्यात बरी असते असं ते म्हणायचे. जेवणं झाल्यावर मी आत्याला शेजारी बसवून तिच्या फोनवर फॉर्म उघडला. घडी उघडून दाखवली, मिटून दाखवली.

"ह्यां तू केलंस?" ती म्हणाली.

"हो. सगळं मी केलंय."

तिने काकांकडे फोन धरला. "बघितलात? आमच्या बायन केल्यान." काकांनी बाण वळताना पाहिला आणि हसले. हसलं की त्यांना खोकला यायचा, म्हणून ते जपून हसायचे.

आम्ही एकेक घडी भरत गेलो. नाव, वय, घरातली माणसं. सध्याचा पत्ता तिला पाठ नव्हता. इमारतीचा नंबर, विंगचा नंबर, असं ती दारावरची पाटी बघून सांगत होती. कायमचा पत्ता आला तेव्हा मात्र तिने विचारायची वाटही पाहिली नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग, सगळं एका दमात. काकांनी खुर्चीवरून पिनकोड सांगितला. श्वास पुरत नसताना सहा आकडे न थांबता सांगितले. मी टाइप केलं. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे तसंच असतं. बाबांनी आयुष्यभर भांडुपच्या जागेला खोली म्हटलं. घर हा शब्द गावासाठी राखून ठेवला होता. पाचवीत मी शाळेच्या फॉर्मवर दोन्हीकडे भांडुप लिहिलं होतं तर त्यांनी फॉर्म परत आणायला लावला. गावचा पत्ता म्हणजे तिथे घर आहे असा त्याचा अर्थ नसतो. आपण कुठले, एवढंच त्यात असतं. हे मला कळतं. बनवणारीला कळत होतं, तिच्या फॉर्मला कळत नव्हतं.

पत्त्याच्या खाली ती मिटलेली पट्टी होती. आत्याने तिच्यावर बोट ठेवायला हात पुढे केला. "आणि ह्या काय गो?"

"ते राहू दे," मी म्हटलं. "ऐच्छिक आहे. नाही भरलं तरी चालतं."

तिने हात मागे घेतला. पुढे आजाराची घडी होती. तिथे मी जीव ओतला. रिपोर्टचे फोटो सरळ धरून काढले, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा शिक्का स्पष्ट दिसेल असे काढले. अर्ज गेला. फोनवर हिरवी खूण आली. आत्याने फोनला नमस्कार केला आणि मला डब्यात सार भरून दिलं.

यादी लागली तेव्हा मी ऑफिसात होते. आत्याचा फोन आला. खालच्या फळ्यावर कागद लावलाय, पहिल्या यादीत नाव नाही. दुसरीत आहे. "पुढे कायतरी लिवलेला आसा. 'अन्य निवास उपलब्ध' म्हणजे काय गो?"

मी उडालेच. "म्हणजे ते लोक झोपलेत," मी म्हटलं. "तू काळजी करू नको, मी बघते."

फोन ठेवून मी अर्ध्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या कार्यालयाचा उद्धार केला. माणसाला श्वास घेता येत नाही आणि यांना त्याचा दुसरा बंगला दिसतोय! कोणी वाचतं का अर्ज? डोळे आहेत का यांना? बॉस म्हणाला, "अगं शांत हो यार, बघ तरी आधी." मी बघणारच होते. पुरावा काढून त्यांच्या तोंडावर फेकायचा होता. आमच्याकडे सगळ्या अर्जांची प्रत असते. मी आत्याचा अर्ज काढला. अन्य घर: आहे.

मग वर सरकून पत्ते वाचले. मग तो नियम लिहिलेली जागा उघडली. तिथे शेजारी, कोणी लिहिलं त्याचं नाव येतं. माझं होतं.

मग मी दुसरे अर्ज काढले. एकामागोमाग एक. गुहागर, लांजा, देवगड, वेंगुर्ला. जिथे जिथे कायमच्या पत्त्यात कोकणातलं गाव, तिथे तिथे अन्य घर: आहे. खालची घडी कोणीही उघडली नव्हती. एकानेही नाही. ज्यांच्या माणसांच्या छात्या काकांइतक्याच वाईट होत्या, त्यांचेही अर्ज तसेच मागे गेलेले. सगळ्यांत शेवटी, अगदी तळाला, मला माझा चाचणीचा अर्ज सापडला. चाचणीला मी नेहमी बाबांची माहिती घालते, नाव तेवढं बदलून. सध्याचा पत्ता भांडुप. कायमचा पत्ता मी टाइप केलेला होता आमच्या गावचा, जिथे बाबांच्या नावावर कधी एक कौलही नव्हतं. पुढे लिहिलेलं, अन्य घर: आहे. हे मी वाचलं होतं. वाचून, नियम चालतोय असं म्हणून चहाला गेले होते.

शिव्या घालायला आता कोणी उरलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. हात धुतले, परत आले, पुन्हा जाऊन धुतले.

बॉसला सांगितलं. तो वाईट नाही, घाबरट आहे. पहिल्यांदा म्हणाला, "यादी त्यांनी लावली, आपण नाही." मी म्हटलं, नियम मी दिला. मग त्याने माझ्यासमोर त्या अधिकाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कोकणातली माणसं कायमचा पत्ता गावचाच लिहितात, गावात घर असो नसो. हा माझा नियम चुकीचा आहे. अर्ज पुन्हा तपासा, मी यादी काढून देते, एका तासात देते.

पलीकडे त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, यादीला मंजुरी झाली. पहिल्या यादीत जेवढी नावं तेवढीच घरं आहेत. आता एकाला आत घ्यायचं तर एकाला बाहेर काढावं लागेल. कोणाला काढू, तुम्ही सांगता?"

पहिल्या यादीतली माणसंही खोकणारीच होती.

"पुढची फेरी निघेल तेव्हा फॉर्म सुधारून द्या," तो म्हणाला. पुढची फेरी कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं.

सुधारायला मला एक दुपार लागली. सहा प्रश्न त्या घडीतून बाहेर काढले, त्यांचा स्वतंत्र भाग केला आणि तो उघडा ठेवला. वर साधा प्रश्न: गावी तुमच्या नावावर राहण्याजोगं घर आहे का? पत्ते वेगळे असले तरी काही धरायचं नाही. इतकंच. जे दोन महिन्यांपूर्वी त्या कागदावर होतंच, जे मला अपमानाचं वाटलं म्हणून मी मिटवून ठेवलं होतं, तेच मी परत उघडून ठेवलं. तो सुधारलेला फॉर्म माझ्या मशीनवर आहे. तो लावायचा कुठे, तर कुठेच नाही. अर्ज घ्यायची मुदत संपली होती.

पुढच्या रविवारी मी माहुलला गेले, सांगायला. रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती. वर पोहोचेपर्यंत सातव्या मजल्याच्या जिन्याने ती सगळी खाऊन टाकली. काका दाराजवळच्या खुर्चीत होते. हातात वाफेच्या मशीनची नळी होती. आत्या पोळ्या लाटत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आत्या, नाव माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं. "कचेरीतल्या कोणी केलं नाही. फॉर्म मी असा बनवला की गावचा पत्ता लिहिला की तिथे तुमचं घर आहे असं धरायचं."

तिने लाटणं थांबवलं. "आमचा घर खय आसा थय? पडला कधीचा. जोता काय ता उरलाहा, आणि ताय चार भावांचा."

"मला माहीत आहे. ते लिहायची जागा होती. ती बंद पट्टी. तू उघडत होतीस ना, ती. मी नको म्हटलं."

काकांनी नळी तोंडापासून बाजूला केली. मशीन चालूच राहिलं, वाफ नुसतीच हवेत जात होती. ते माझ्याकडे रागाने बघतील तर बरं, असं मला वाटत होतं. त्यांनी तसं बघितलं नाही. ते आत्याकडे बघत होते.

आत्याचा चेहरा उतरला होता, पण तो माझ्यामुळे नव्हे, हे मला मग कळलं. ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगो, मी सगळ्यांक सांगलंय."

"काय सांगितलंस?"

तू गेल्यावर अख्खा मजला माझ्याकडे आला, ती सांगू लागली. वरचा मजलाही आला. भाचीने फॉर्म केलाय म्हटल्यावर कोणालाही स्वतः भरायचा धीर होईना. ती प्रत्येकाशेजारी बसली, जशी मी तिच्याशेजारी बसले होते. कायमच्या पत्त्यात गावचा पत्ता घाला. नीट घाला, पिनकोडसकट. आणि कोणी त्या पट्टीकडे बोट नेलं की ती सांगायची, ती उघडू नका, माझ्या भाचीने सांगितलंय, तिची गरज नाही.

म्हणून कोणाचीच उघडलेली नव्हती. गुहागर, लांजा, देवगड, वेंगुर्ला. ते सगळे अर्ज भरताना शेजारी आत्या बसली होती.

त्याच वेळी दारात शेजारीण आली. तिचा मोठा दीर आत झोपून असतो, हे मला आत्यानेच कधी सांगितलं होतं. मला बघून ती थांबली. "वहिनी, हीच ना तुमची भाची? बरं झालं आली. विचारा ना तिला, आपली नावं का नाही लागली? सगळं बरोबर भरलंय ना आपण?"

मी तोंड उघडलं. आत्याने माझा हात धरला, पीठ लागलेल्या हाताने, घट्ट.

"ता कचेरीतल्या लोकांचा काम," ती शेजारणीला म्हणाली. "तिका काय म्हायत?"

"तेच म्हटलं मी. आमचे हे म्हणत होते, फॉर्म चुकला असेल. मी म्हटलं, शक्यच नाही. वहिनी स्वतः बसल्या होत्या." ती माझ्याकडे वळून हसली. "तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही नसता तर आम्ही आणखी घोळ घातला असता."

ती गेल्यावर आत्याने दार लावलं. ते दार काकांसाठी नेहमी उघडं असायचं, हवेसाठी. "कोणाक सांगू नको," आत्या म्हणाली. "माका हयच रवचा आसा. ह्याच लोकांत." मग तिने राहिलेल्या पोळ्या लाटल्या आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले. न जेवता उठण्याचाही मला हक्क नव्हता.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. ती घडी आमच्याकडे अजून वापरतात. शाळाप्रवेशाच्या एका फॉर्मला लावली, एका दवाखान्याच्या नोंदणीला लावली. नव्याने आलेल्या एका मुलीने मला विचारलं, बाण इतका छान कसा वळतो. मी तिला सांगितलं, मिटलेली ठेवू नको, जे विचारायचं ते उघडं ठेव. तिला वाटलं ही माझी आवड आहे. तिने वहीत लिहून घेतलं.

काकांना आता मशीन दिवसातून चार वेळा लागतं. खुर्चीवरून पलंगापर्यंत जाताना मध्ये एकदा थांबावं लागतं. पिनकोड त्यांना आता एका श्वासात सांगता येणार नाही.

आत्या दर सोमवारी दुपारी फोन करते, जेवणाच्या सुट्टीत मी मोकळी असते म्हणून. जेवलंस काय, विचारते. मग आवाज खाली आणून, दार लावलेलं असलं तरी, विचारते, "फॉर्म उघडलो काय गो परत?"

"नाही अजून," मी सांगते. "उघडला की पहिला तुझा भरू."

"आता नीट सांगीन मी सगळ्यांक," ती म्हणते आणि फोन ठेवते.

मग मी माझ्या मशीनवरचा सुधारलेला फॉर्म उघडते. आत्याची माहिती घालते. कायमचा पत्ता गावचाच घालते, पिनकोडसकट. पुढचा भाग उघडाच असतो, तिथे लिहिते: घर पडलेलं आहे, जोतं चार भावांचं आहे. चाचणीचा अर्ज म्हणून पाठवते. क्षणभरात खाली हिरव्या अक्षरांत येतं, अन्य घर: नाही. म्हणजे पहिली यादी. दर सोमवारी येतं. मग सुट्टी संपते आणि मी ते पान बंद करून दुसऱ्या कामाला लागते.